गाडीचं नाव नको, बिलं दाखवा

पत्र:
मी नागपुरात मानेवाड्याला राहते. उमरेड रोडला पाचगावच्या पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. रोजचं जाणं-येणं साठेक किलोमीटर. इतकी वर्षं स्कूटी आणि एसटीवर भागवलं, आता गाडी घ्यायचं ठरवलंय. बजेट साडेचार लाख, त्यातले अडीच लाख कर्ज. दोन जुन्या गाड्या पाहून ठेवल्यात. एक २०१७ ची पेट्रोल हॅचबॅक, ४१ हजार किलोमीटर चाललेली, अंबाझरी लेआउटमधल्या एका निवृत्त साहेबांची. एकदम चकाचक आहे, ४ लाख ४० हजार मागतात. दुसरी २०१६ ची डिझेल एसयूव्ही, ९६ हजार चाललेली, एका व्यापाऱ्याची, ४ लाख २५ हजारांत. भाऊजी म्हणतात, तुझं रनिंग जास्त आहे, डिझेलच घे, शिवाय स्टार रेटिंगवाली आहे. आमच्या मिस्टरांना छोटी गाडी बरी वाटते. वर्षातून तीन-चारदा समृद्धीने कारंज्याला सासरी जाणं होतं. येत्या रविवारी पुन्हा नीट पाहायला जाणार आहोत. यातली भरवशाची कोणती, आणि महिन्याला किती खर्च धरून चालायचा?
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर:
ताई, तुम्ही दोन्ही गाड्यांची कंपनी, मॉडेल, अगदी रंगसुद्धा कळवला होतात. ते मी वर गाळलं, कारण माझं उत्तर नावावर फारसं टेकलेलं नाही. गाडी आठ-नऊ वर्षांची झाली की "ही कंपनी भरवशाची का?" हा प्रश्न मागे पडतो. शोरूममधून एकाच दिवशी निघालेल्या दोन सारख्या गाड्या आठ वर्षांत दोन वेगळ्या गाड्या होऊन बसतात. एकीचं ऑइल वेळच्या वेळी बदललेलं असतं, दुसरीत दर उन्हाळ्यात इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटऐवजी बोअरवेलचं पाणी ओतलेलं असतं. मोटार विम्याचा सर्व्हेयर म्हणून या शहरात बोनेटं उघडत माझी उमर गेली. नाव मोठं आणि आतून पोकळ अशी गाडी मला नवी नाही.

तेव्हा विचारायचं ते असं: या गाडीला आजवर काय काय मिळालं, आणि पुढच्या तीन वर्षांत ती काय मागणार? मागच्या मालकाने टाळलेला खर्च कुठे जात नाही, आरसी बुकासोबत तोही नव्या मालकाच्या नावावर चढतो. गाडी स्वस्तात मिळते आहे असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा हाच खर्च किमतीत दडलेला असतो.

नावाचा उपयोग एवढाच, की सुटे भाग मिळतील का आणि ती गाडी उघडता येणारा मिस्त्री गावात आहे का, हे त्यावरून कळतं. शेवरोलेने २०१७ अखेर भारतातली विक्री बंद केली. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. या गाड्या वाईट होत्या असं मुळीच नाही, पण हेडलाइट फुटला तर तो आणायला किती दिवस लागतील हे घेण्याआधी विचारावं लागतं. उलट टोकाला फियाटचं १.३ लिटरचं डिझेल इंजिन. ते फियाट, मारुती आणि टाटा अशा तिघांच्याही गाड्यांत बसलं, म्हणून लोक गमतीने त्याला राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. त्याच्यावर हात न फिरवलेला डिझेल मिस्त्री शोधूनही सापडायचा नाही. तुमच्या दोन्ही कंपन्या सुरू आहेत, ती चिंता नाही. तरी एक काम घरबसल्या करा. सुट्या भागांच्या दुकानात फोन लावून दोन्ही मॉडेलच्या पाच वस्तूंचे भाव विचारा: पूर्ण क्लच सेट, पुढचे दोन शॉकॲब्सॉर्बर, एसीचा कॉम्प्रेसर, एक हेडलाइट, रेडिएटर. ओरिजिनल किती, चांगल्या दुसऱ्या कंपनीचा किती, आणि आज दुकानात आहे का की मागवावा लागेल, हेही विचारा. दोन गाड्यांच्या किमतीत पंधरा हजारांचा फरक आहे. या पाच भावांची बेरीज केलीत की तो फरक किती लहान आहे ते दिसेल.

स्टारचं म्हणाल, तर ते धडकेत आतल्या माणसाचं काय होईल ते सांगतात. ते महत्त्वाचंच आहे, पण नवव्या वर्षी गिअरबॉक्स काय म्हणेल याच्याशी त्यांचा संबंध नाही. भाऊजींना एवढं जरूर सांगा.

आता बिलं. "सर्व्हिस रेकॉर्ड आहे" या वाक्यावर विश्वास ठेवू नका, कागद हातात घ्या. गाडी अधिकृत सर्व्हिस सेंटरला जात असेल तर गाडी नंबरवरून जुना इतिहास तिथल्या कॉम्प्युटरवर असतो. मालकाने स्वतः मागितला तर ते देतात. प्रत्येक बिलावर तारीख आणि त्या दिवशीचे किलोमीटर असतात. त्या जोड्या एका कागदावर उतरवून काढा. आकडा कुठे मागे गेला, किंवा वर्षाला दहा हजार चालणारी गाडी एकाएकी वर्षाला दोन हजारांवर आली, तर मीटरला कुणीतरी हात लावलाय का, हा प्रश्न उभा राहतो. डिजिटल मीटर मागे करणं हे आजकाल लॅपटॉपवरचं काम आहे, त्यामुळे मीटरकडे पाहून काही कळत नाही. घासलेल्या ठिकाणांकडे पाहा. ४१ हजार चाललेल्या गाडीच्या क्लच पेडलचं रबर गुळगुळीत झालेलं नसतं, स्टीअरिंगची घड्याळातल्या दहा-दोनच्या जागेवरची साल निघालेली नसते आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसलेली नसते.

समजा आकडा खरा आहे. आठ-नऊ वर्षांत ४१ हजार म्हणजे वर्षाला पाच हजाराच्या आसपास. दलाल हे गुण म्हणून सांगेल, "साहेबांनी फक्त देवदर्शनाला काढली". पण कमी चाललेल्या गाडीचीही दुखणी असतात, आणि ती किलोमीटरने नाही, वर्षांनी वाढतात. टायर झिजत नाहीत पण कडक होतात. त्यांच्या कडेला लंबगोलात चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर आजही असतील, तर नक्षी कितीही दिसो, ते बदलायचेच. समृद्धीचा सिमेंटचा रस्ता, मे महिन्यातली दुपार आणि ताशी १२० ची मर्यादा, यात म्हातारा टायर घेऊन कारंज्याला जायचं नाही. ब्रेक ऑइल आणि कूलंटसुद्धा मुदतीने बदलायचे असतात, गाडी उभी असली तरी. साहेबांच्या बिलांत ते बदलल्याची नोंद नसेल तर तो खर्च तुमचा.

पण तुमच्या पत्रात मला खरं थांबवलं ते "अंबाझरी लेआउट" या दोन शब्दांनी.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरलेले नाहीत. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदी घराघरांत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या भागांत अंगणात उभ्या असलेल्या गाड्या पाण्यात गेल्या. मोरभवनात बसेस बुडाल्या. त्या पुरात सापडलेल्या सगळ्याच गाड्या काही भंगारात गेल्या नाहीत. विमा कंपनीने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्तीला न परवडणारी, ठरवलेली गाडी लिलावात जाते, कुणीतरी घेतं, साफ करतं, दुरुस्त करतं आणि ती पुन्हा रस्त्यावर येते. काहींनी विम्याच्या भानगडीत न पडता स्वतःच्या खिशातून काम करून घेतलं. यात बेकायदा काही नाही. अडचण एवढीच की पुढच्या गिऱ्हाइकाला ते सांगितलं जात नाही.

साहेबांची गाडी बुडाली होती असं माझं म्हणणं नाही. ती उंचावर असेल, किंवा त्या रात्री लेकीकडे पुण्याला असेल. पण पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही. पाण्यात गेलेल्या गाडीचं इंजिन एकदा उघडून साफ केलं की चालतंही. खरा त्रास तारांचा असतो. वायरिंगच्या जोडण्यांमध्ये गाळाचं पाणी राहतं, आत हिरवट गंज चढतो, आणि मग वर्ष-दीड वर्षाने कधी एअरबॅगचा दिवा लागतो, कधी काचा वर जात नाहीत, कधी गाडी मधेच बंद पडते. कोणत्याही मिस्त्रीला ते एका झटक्यात सापडत नाही, आणि प्रत्येक वेळी दोन-तीन हजार जातात.

बघायचं कसं, तर दिवसाच्या उजेडात जा आणि आधी सीटबेल्ट धरा. पुढचा पट्टा हळूहळू पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत. वरचा भाग सगळेच धुतात, गुंडाळीच्या आतला शेवटचा हातभर भाग क्वचितच कुणी धुतं. तिथे पट्ट्यावर आडवी मातकट रेघ दिसली, किंवा पट्टा बाकीच्यापेक्षा ताठ लागला, तर समजून घ्या. मग ड्रायव्हरची सीट पूर्ण मागे सरकवा आणि खाली वाकून रुळांचे बोल्ट मोबाइलच्या टॉर्चने पाहा. नागपूरच्या कोरड्या हवेत गाडीच्या आतले बोल्ट गंजायचं काही कारण नाही. पायाखालची चटई नाही, तिच्याखालचं कार्पेट एका कोपऱ्यात उचला आणि खालच्या फोमला हात लावा. डिकीतली स्टेपनी काढून तिच्या खळग्यात बारीक गाळ बसलाय का पाहा. हेडलाइटच्या आत पाण्याची जुनी रेघ, फ्यूजच्या डब्यात हिरवे पडलेले टोक, आणि गाडीत नको इतका सेंटचा वास, ही सगळी एकाच घरची मंडळी. वासाची खात्री करायची तर काचा बंद करून एसी न लावता दहा मिनिटं आत बसा, मग नाकालाच कळतं. एक सीटबेल्ट मात्र कोरा करकरीत आणि बाकीचे जुने असतील, तर त्याच्या बुडाशी शिवलेल्या पट्टीवरची तारीख वाचा.

किल्ली अर्धी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा आधी लागायला हवा आणि काही सेकंदांनी विझायला हवा. तो लागलाच नाही तर ती चांगली खूण समजू नका. बिघाड दिसू नये म्हणून दिवाच काढून ठेवणारे आहेत.

याच्या जोडीला विम्याचे कागद मागा, आणि फक्त चालू पॉलिसी नाही, २०२३ पासूनच्या सगळ्या. त्यावर नो क्लेम बोनस म्हणून टक्के लिहिलेले असतात. क्लेम न करता एक वर्ष गेलं की २०, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०. क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणात तो शून्यावर येतो. २०२३ मध्ये ५० टक्के असलेला माणूस २०२४ मध्ये शून्यावर दिसला, तर मधे काय झालं हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर "मागून रिक्षावाल्याने ठोकलं, बंपर बदललं" असं असू शकतं, तेही बिलावर दिसेलच. मात्र टक्के कायम आहेत म्हणून निश्चिंत होऊ नका. बोनस वाचवणारं जादा कव्हर काही लोक घेतात, आणि ज्यांच्याकडे इंजिनाचं वेगळं संरक्षण नव्हतं त्यातल्या काहींनी क्लेमच केला नसेल. म्हणून २०२३ च्या सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांतली सर्व्हिसची बिलं बारकाईने वाचा. सीट काढून धुणं, कार्पेट बदलणं, स्टार्टर, ऑल्टरनेटर, ईसीयू (गाडीचा कॉम्प्युटर) अशी नावं एकाच बिलात ओळीने आली तर गाडी तिथेच सोडून घरी या. हा बोनस मालकाचा असतो, गाडीचा नाही. तो तुम्हाला मिळणार म्हणून कुणी किंमत वाढवत असेल तर हसून सोडून द्या.

हे सगळं नीट निघालं तर साहेबांची गाडी मला पसंत आहे. चालवून मात्र पाहायची, आणि सकाळी थंड इंजिनावर. आदल्या दिवशी सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत सुरू करू नका, आणि गेल्या गेल्या बोनेटवर हात ठेवा. ते गरम लागलं तर चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी परत जा. पहिल्या स्टार्टला निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर, विशेषतः इंजिन तापल्यावरही न थांबणारा, आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ मलई असेल, तर कूलंट इंजिनात जातंय, म्हणजे हेड गॅस्केट. कूलंटची टाकी उघडून पाहा, पण गार असतानाच. रंगीत, स्वच्छ द्रव असेल तर ठीक. गढूळ, तांबूस पाणी म्हणजे वर म्हटलेला बोअरवेलवाला मालक. आपल्याकडच्या क्षारांनी रेडिएटरच्या नळ्या आतून बुजतात. ते हिवाळ्यात कळत नाही, कळतं ते एप्रिलमध्ये व्हेरायटी चौकाच्या सिग्नलला.

म्हणूनच एसीची परीक्षा दुपारी उभ्या गाडीत घ्यायची. गाडी उन्हात, इंजिन सुरू, एसी पूर्ण, आणि वीस मिनिटं जागेवर. चालत्या गाडीत सगळेच एसी थंड वाटतात. उभ्या गाडीत रेडिएटरचा पंखा लागतो का, हवा कोमट होते का, तापमान चढत जातं का, हे पाहायचं. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त लाल दिवा असतो, आणि तो लागेपर्यंत उशीर झालेला असतो. तुमच्या मिस्त्रीकडे ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडून आकडे आणि बिघाड वाचणारं यंत्र) असेल तर तो लावून खरा आकडा पाहता येतो. शंभरच्या आसपास घुटमळून पंखा लागताच खाली येत असेल तर बरं. त्याच स्कॅनरवर बिघाडाचे जुने कोड नुकतेच पुसले आहेत का तेही कळतं. सकाळीच कुणीतरी इंजिनचा दिवा घालवून ठेवला असेल, तर गाडीच्या आतल्या तपासण्या "अपूर्ण" म्हणून दिसतात. एसीची कूलिंग कॉइल फुटलेली असली तर डॅशबोर्ड खोलावा लागतो. त्यात कॉइलपेक्षा मजुरी दुखते, आणि खोललेला डॅशबोर्ड नंतर खडखडत राहतो तो वेगळाच.

डेंटिंग-पेंटिंगचं फार मनावर घेऊ नका. नागपुरात आठ वर्षं फिरलेल्या गाडीला एखादा दरवाजा रंगवलेला नसेल तर मलाच संशय येईल. बघायचं ते बोनेटखालचं एप्रन (चाकावरचा आतला पत्रा), पुढचे लाँग मेंबर (सांगाड्याच्या लांब तुळया) आणि दारांचे खांब. तिथे वेल्डिंगचे ताजे ठिपके, वळ्या किंवा जाड रंग दिसला तर गाडी जोरात लागली आहे, मग ती कितीही चमको.

आता भाऊजींचं डिझेल. ते चुकीचं बोलत नाहीयेत, पण त्यांचं गणित अर्धंच आहे. शाळेच्या सुट्या वजा जाता तुमचं शाळेचं रनिंग वर्षाला तेरा हजारांच्या आसपास, त्यात शहरातलं आणि कारंजा मिळवून सोळा हजार धरू. पेट्रोल १०५ रुपये आणि ॲव्हरेज १७ धरलं तर वर्षाला जवळपास ९९ हजार लागतील. तुमची २०१७ ची गाडी २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेली नाही, म्हणून ॲव्हरेज मुद्दाम हात आखडून धरलंय, आणि मिस्त्रीला इंधनाचे रबरी पाइप पाहायला सांगा. डिझेल ९१ रुपये आणि ॲव्हरेज १९ धरलं तर ७७ हजार. म्हणजे वर्षाला २२ हजार वाचले, तीन वर्षांत ६६ हजार. इथवर भाऊजी बरोबर.

पण ९६ हजार चाललेल्या डिझेल एसयूव्हीला लगेच काय लागेल ते पाहा. माझ्या अंदाजाने मोठ्या मापाचे चार टायर २८ हजार, क्लच २२ हजार, सस्पेन्शनचं काम २० हजार, मोठी सर्व्हिस १२ हजार. हे ८२ हजार झाले. इंजेक्टर किंवा टर्बोसाठी ५० हजार बाजूला ठेवावे लागतील, कदाचित लागणार नाहीत, पण लागले तर एकाच दिवशी लागतील. म्हणजे गाडी पडली ५ लाख ५७ हजारांना. पेट्रोलवालीला टायर २० हजार, बॅटरी ५ हजार, सर्व्हिस आणि सगळे द्रव ८ हजार, सस्पेन्शनचे बुश आणि लिंक रॉड ९ हजार धरले तर ४२ हजार, म्हणजे ४ लाख ८२ हजार. त्यात तीन वर्षांचं इंधन घाला: पेट्रोल ७ लाख ७९ हजार, डिझेल ७ लाख ८८ हजार. जवळपास बरोबरीत सुटले. वर्षाची देखभाल पेट्रोलला १२ हजार आणि डिझेलला १८ हजार धरली की पेट्रोल थोडी पुढे जाते. माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमचे पाच भाव आले की ते यात बसवून पुन्हा बेरीज करा.

तीन वर्षांनी विकायचं ठरवलं तर पेट्रोलवाली ८९ हजारांवर असेल आणि डिझेल १ लाख ४४ हजारांवर. तेव्हा कुणाला गिऱ्हाईक जास्त मिळेल हे सांगायला नको. शिवाय पगारातून हप्ता भरणाऱ्या घराला वर्षभरात पसरलेले २२ हजार झेपतात, एका मंगळवारी अचानक आलेले ५० हजार झेपत नाहीत. हीच डिझेल दोन वर्षांनी नवी, साठ हजारांच्या आत आणि पूर्ण बिलांची असती, तर मी भाऊजींच्या बाजूने लिहिलं असतं. तरीही डिझेलकडेच मन ओढत असेल तर इंजेक्टरची लीक-ऑफ टेस्ट (इंजेक्टरमधून किती डिझेल परत जातं ते मोजणं) करून घ्या, आणि इंजिन सुरू असताना ऑइलचं झाकण उघडा. तिथून भकाभका धूर येत असेल तर बोलणं तिथेच संपलं. दिल्लीकडे दहा वर्षांवरच्या डिझेलला बंदीचा नियम आल्यामुळे तिकडच्या गाड्या इतर राज्यांच्या बाजारात स्वस्तात येत राहिल्या आहेत. व्यापाऱ्याची गाडी पहिल्या दिवसापासून महाराष्ट्रातलीच आहे ना, तेवढं पाहून ठेवा.

महिन्याचं विचारलंत. पेट्रोल सव्वाआठ हजार, देखभाल हजार, विमा साधारण हजार, पुढच्या टायर-बॅटरीसाठी बाजूला पाचशे-सहाशे. हप्ता सोडून अकरा हजारांच्या आत-बाहेर. विम्यातला थर्ड पार्टीचा भाग सरकारने ठरवलेला असतो. १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला २०२२ मध्ये तो वर्षाला ३,४१६ रुपये ठरला होता, कर वेगळा. बाकी गाडीची किंमत आणि जादा कव्हरप्रमाणे. तुमच्या हिशेबात अकरा हजार आणि हप्ता मिळून जड होत असेल, तर गाडी बदलू नका, किंमत खाली आणा.

ती येते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि वरचा सेसही गेला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरायला हवा. साहेबांच्या मनातला ४ लाख ४० हा आकडा कधीचा आहे कोण जाणे. त्याच मॉडेलच्या आजच्या नव्या गाडीचं ऑन-रोड कोटेशन शोरूममधून घ्या आणि बोलणी करताना समोर ठेवा. त्याखाली तुमच्या ४२ हजारांच्या कामांची यादी. घासाघीस करायची लाज वाटत असेल तर ती यादीच बोलू द्या. टायरवरचे चार आकडे दाखवल्यावर भल्या माणसाला वाद घालता येत नाही. ४ लाख ५ ते ८ हजारांवर सौदा बसला तर तुमच्या साडेचारात सगळी कामं उरकतात.

कागदांचं थोडक्यात. एम-परिवाहन या सरकारी ॲपवर गाडी नंबर टाकून मालकाचा क्रमांक, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा पाहा. बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी (हरकत नसल्याचं पत्र) आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पैसे नाहीत. ई-चलन थकलेली असतील तर ती साहेबांनी भरायची. गाडी २०१९ च्या एप्रिलआधीची आहे, तेव्हा एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी बसवलेली असायला हवी. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या तुमच्यासमोर व्हाव्यात, कोऱ्या फॉर्मवर दलालाने आणलेल्या सह्या घेऊ नका. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, विमाही १४ दिवसांत नावावर करून घ्यायचा. "करून देऊ नंतर" असं दलाल म्हणाला तर पैसेही नंतर.

रविवारी पाहायला जाणार असं लिहिलंय तुम्ही. रविवारी सर्व्हिस सेंटरही बंद आणि मिस्त्रीही गावाला. शनिवारी अर्धी शाळा झाल्यावर मिस्त्रीला सोबत घेऊन निघा, त्याची हजार-पाचशे फी आनंदाने द्या, आणि तो दलालाच्या ओळखीचा नसावा एवढं बघा. दुसरं गिऱ्हाईक आलंय, आजच टोकन द्या, असं कुणीतरी म्हणेलच. द्यायचंच झालं तर पाच हजारांवर नको, ते साहेबांच्या खात्यात, आणि पावतीवर त्यांच्या हाताने एक ओळ लिहून घ्या: गाडीत कधी पाणी शिरल्याचं किंवा मीटर बदलल्याचं आढळलं तर रक्कम परत. ती लिहायला साहेबांनी पेन उचललं तर सोमवारी बँकेत जा.